बालवाडी चालवणाऱ्या बाई

अनुताई वाघ २७ सप्टेंबर १९९२ रोजी गेल्या. वय ब्याऐंशी. त्यांतली शेवटची सत्तेचाळीस वर्षं त्यांनी डहाणू तालुक्यातल्या मुलांमध्ये काढली, आधी बोर्डीला आणि मग कोसबादच्या टेकडीवर. एवढं आयुष्य कुणी एका कामाला वाहिलं की आपण त्या माणसाला फार घाईने देव्हाऱ्यात बसवतो. फोटोला हार, नावामागे 'आदिवासींची माउली', भाषणात 'सेवेचं व्रत' आणि 'त्यागमूर्ती'. मग पुढच्या पुण्यतिथीपर्यंत विषय मिटला. अनुताईंच्या बाबतीत हे बऱ्यापैकी झालेलं आहे.

त्यांच्यावर माया करणारी माणसं पुष्कळ होती. ती त्यांच्या कष्टांबद्दल, साधेपणाबद्दल, मुलांच्या लळ्याबद्दल बोलतात. त्यातलं काहीच खोटं नाही. मात्र या सगळ्या गहिवरात एक साधी गोष्ट हातातून निसटते: ही बाई आपल्या कामात अत्यंत तरबेज होती. तीन वर्षांच्या मुलाला हातात काय द्यावं, किती वेळ द्यावं, ते कधी काढून घ्यावं, रडणाऱ्याकडे केव्हा लक्ष द्यावं आणि केव्हा देऊ नये, हे तिने वर्षानुवर्षं पाहून, चुकून, पुन्हा करून शिकून घेतलं होतं आणि लिहूनही ठेवलं होतं. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव 'बालवाडी कशी चालवावी' असं आहे. सुतारकाम किंवा शिवणकाम शिकवणाऱ्या पुस्तकाला शोभेल असं हे नाव आहे, आणि अनुताईंची ओळख करून घ्यायला त्याच दाराने आत शिरावं हे उत्तम. पुढच्या पानांतल्या आठवणी वाचण्याआधी म्हणूनच थोडी माहिती, थोडा भूगोल आणि थोडी तक्रार.

जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. मोरेश्वराचं मोरगाव, अष्टविनायकांतलं पहिलं. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि वर्षाच्या आतच वैधव्य आलं. त्या काळच्या ब्राह्मण घरात अशा मुलीचं पुढे काय व्हायचं हे सांगायला नको. तरी तोवर महाराष्ट्रात या दुर्दैवातून बाहेर पडायची एक वाट तयार झाली होती. अण्णासाहेब कर्व्यांचं काम १८९६ पासून चालू होतं, रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ मध्ये पुण्यात उभं राहिलं होतं, आणि बालविधवेला शिकवून शिक्षिका करावं ही कल्पना निदान काही घरांत तरी पचनी पडली होती. मराठी शाळांच्या इतिहासात या बायकांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. खेड्यापाड्यांतल्या मुलींच्या शाळा अनेक ठिकाणी त्यांनीच पेलल्या. पगार तुटपुंजा, सारा गाव नजर रोखून बसलेला, पण हक्काची खोली आणि महिनाअखेरीस हातात स्वतःचे पैसे. अनुताई याच वाटेने गेल्या. व्हर्नाक्युलर फायनल, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिकेचं प्रशिक्षण, मग नाशिक जिल्ह्यात नोकरी, तिथून पुण्याच्या हुजूरपागा शाळेत. त्यांचं प्रशिक्षण पूर्ण झालं त्याच सुमारास, १९२९ मध्ये, मुलींच्या लग्नाचं वय किमान चौदा ठरवणारा सारडा कायदा झाला. त्यांना त्याचा उपयोग व्हायला फार उशीर झाला होता.

हुजूरपागेत दिवसा शिकवायचं आणि संध्याकाळी स्वतः रात्रशाळेत जाऊन बसायचं, असं करत त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. पुढे बी.ए. झाल्या १९६१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर. तोपर्यंत त्या सबंध महाराष्ट्राला बालशिक्षण शिकवत होत्या आणि पदवीची गरज त्यांना कुणी दाखवलीही नसती. तरी त्या परीक्षेला बसल्या.

१९४५ साली बोरिवलीत कस्तुरबा ट्रस्टचं एक शिबिर होतं. अनुताई तिथे गेल्या आणि त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. या भेटीवाचून अनुताई वाघ हे नाव हुजूरपागेच्या जुन्या हजेरीपटाबाहेर बहुधा आलंच नसतं.

ताराबाई हे सगळं वेगळंच पाणी होतं. जन्म १८९२, माहेर केळकरांचं, प्रार्थनासमाजी, मुंबईतलं. १९१४ मध्ये पदवीधर. अमरावतीच्या वकिलाशी लग्न, पुढे विभक्त, मग राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. ती मानाची जागा सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या, आणि पुढची नऊ-दहा वर्षं मॉन्टेसरीची पद्धत भारतीय मुलांच्या अंगाला कशी बसेल यावर त्या दोघांनी डोकं खपवलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिका' आधी गुजरातीत आणि मग मराठीत निघू लागली, १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. दादरच्या मध्यमवर्गात ताराबाईंचा चांगला दबदबा होता. तो सगळा पसारा मागे ठेवून त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला जायला निघाल्या. कारण सरळ होतं. खेड्यातल्या मुलाला बालशिक्षण मिळत नसेल तर दादरच्या मुलाला मिळून देशाचं काय भलं होणार? या कामासाठी त्यांना जोडीला कुणी हवं होतं. पस्तिशीची, मॅट्रिक झालेली, पुण्यात कायमच्या नोकरीवर असलेली शिक्षिका 'येते' म्हणाली.

बोर्डी म्हणजे समुद्रकिनारा, सुरूची बनं, चिकूच्या वाड्या, इराणी आणि पारशी बागाईतदार, आणि आचार्य भिसे व चित्रे गुरुजींनी नावारूपाला आणलेली शाळा. स्वातंत्र्य चळवळीच्या काळात हे गाव जागं होतं. पण गावाच्या कडेचा हरिजनवाडा आणि पलीकडचे वारली आदिवासींचे पाडे या जागेपणात धरलेले नव्हते. सावकार आणि जमीनदार यांच्या वेठीत वारली कुटुंबं अडकलेली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस आयुष्यभर मालकाच्या घरी राबायचा आणि त्याच्या जोडीने बायकोही; त्या गड्याला 'लग्नगडी' म्हणत.

इथे एक योगायोग सांगितलाच पाहिजे, कारण तो सहसा कुणी सांगत नाही. अनुताई बोर्डीला आल्या त्याच वर्षी, मे १९४५ मध्ये, तिथून फार लांब नसलेल्या झरी गावात वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठबिगार करायची नाही असा ठराव झाला. तिच्यामागे होत्या गोदावरी परुळेकर. त्याही पुण्याच्याच, माहेरच्या गोखले, वकिलाच्या कन्या, स्वतः कायद्याच्या पदवीधर. एकाच वर्षी, एकाच मुलखात, एकाच थरातल्या दोन मराठी बायका दोन दिशांनी शिरल्या. एकीच्या हाती लाल बावटा, दुसरीच्या हाती पाटी-खडू. दोघींची तुलना करून एकीला क्रांतिकारक आणि दुसरीला सुधारक म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. वेठ मोडली नसती तर वारल्याचं पोर सकाळी दहाला बालवाडीत येऊच शकलं नसतं, ते मालकाच्या गुरांमागे असतं. आणि वेठ मोडल्यानंतरही ते आपसूक शाळेत आलं नाही, हे बोर्डीला लवकरच कळलं.

बोर्डीला ताराबाईंच्या ग्राम बालशिक्षा केंद्राची बालवाडी सुरू झाली, पण तिच्यात आली ती गावातली खाऊनपिऊन सुखी घरांतली मुलं. ज्यांच्यासाठी मुंबई-पुणं सोडलं ती आलीच नाहीत. आईबाप पहाटे मजुरीला जात, मोठं भावंड धाकट्याला सांभाळी, दोन फर्लांगांवरची बालवाडी त्यांच्या लेखी परमुलूख होती. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जायचं, असं ठरलं. बाई सामानाची पेटी घेऊन वाड्यात जाऊ लागल्या आणि कुणाच्या तरी अंगणात बसून बालवाडी भरवू लागल्या. अंगणवाडी जन्माला आली ती अशी, कुठल्या आयोगाच्या अहवालातून नव्हे.

त्या अंगणात पहिला तास कशाचा असेल? गाण्याचा नाही, गोष्टीचाही नाही. आंघोळीचा. मुलांना पाण्यापाशी न्यायचं, डोक्यातल्या उवा-लिखा काढायच्या, नखं कापायची, खरजेला औषध लावायचं, केस विंचरायचे. अंगाला खाज सुटलेलं मूल मणी ओवत बसत नाही, हे तत्त्वज्ञान नव्हे, रोजचा अनुभव. शहरी ब्राह्मण बायकांनी आदिवासी मुलांना 'स्वच्छ' करणं आज एखाद्या अभ्यासकाला खटकेल, आणि तो प्रश्न विचारायला हरकत नाही. उत्तर मात्र त्या अंगणात आंघोळीनंतर काय व्हायचं त्यात शोधावं लागेल.

मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या. त्यांची साधनं देखणी, शास्त्रशुद्ध, तंतोतंत मापाची: गुलाबी मनोरा, दट्ट्यांच्या पेट्या, खरखरीत अक्षरं. आणि महाग. अंगणात ती परवडणार नव्हती, आणि परवडली असती तरी वारल्याच्या पोराच्या हाताला ती परकीच राहिली असती. मग चिंचोके आले. शंख-शिंपले आले, गुंजा, सागरगोटे, नदीतले गोटे, ताडाची पानं, बांबूच्या कांबट्या, शाडू, गेरू. लहान-मोठं लावायचं तर शिंपले. रंग निवडायचे तर पानंफुलं. मोजायचं तर चिंचोके, आणि मोजून झाल्यावर तेच चिंचोके जमिनीवर मांडून त्यांची नक्षी. वास, चव, स्पर्श यांचं शिक्षण द्यायला जंगल शेजारीच होतं. ज्या घरांच्या कुडांवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो, त्या घरांतल्या मुलांना रेषा शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या हातात ती होतीच. बाईचं काम ती जागा मोकळी करून देण्याचं.

स्वस्तात भागवलं म्हणून या साधनांचं कौतुक करायचं नाही. पेटीतलं साधन हरवलं तर खेळ थांबतो. चिंचोका हरवला तर मूल झाडाखाली जाऊन दुसरा आणतं, आणि संध्याकाळी घरी गेल्यावरही त्याच्याशी खेळू शकतं. शाळा आणि घर यांच्यामधला उंबरा इतका खाली आणणं ही हुशारी होती, काटकसर हा तिचा जोडफायदा.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबादला हललं. कोसबाद हे घोलवडच्या आतल्या बाजूचं, टेकडीवरचं गाव. तिथे गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था आधीपासून होती आणि भोवती वारल्यांचे पाडे. इथे एक नवाच पेच समोर आला. प्राथमिक शाळेत मुलींची नावं होती, मुली नव्हत्या. शिक्षणखात्याच्या भाषेत ही 'गळती'. अनुताईंनी आणि ताराबाईंनी गळतीच्या टक्क्यांऐवजी गळणाऱ्या मुलीकडे पाहिलं. आठ-नऊ वर्षांची ही मुलगी, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं भावंड, बोटाला तीन-चार वर्षांचं दुसरं. ती शाळेत यायची कशी? दोघांना टाकून? आणि दोघांना घेऊन आली तर मास्तर तिला वर्गात बसू देणार होते का? म्हणून कोसबादला एकाच आवारात तिन्ही गोष्टी आल्या: कडेवरच्यासाठी पाळणाघर, बोटाला धरलेल्यासाठी बालवाडी, तिच्या स्वतःसाठी प्राथमिक शाळा. याला विकासवाडी म्हटलं गेलं. तिघं सकाळी एकत्र येणार, संध्याकाळी एकत्र परतणार. अध्येमध्ये तान्हं रडलं तर ताई उठून त्याला बघून येणार, त्याबद्दल तिला कुणी रागावणार नाही.

विकासवाडीत सगळी यायची, गुराखी सोडून. गुरं घेऊन गेलेलं पोर तर संध्याकाळीच घरी येणार. मग कुरणशाळा निघाली. गुरं जिथे चरायची तिथे शिक्षक जायचा. गुरं चरत असताना मुलं खेळ, गोष्टी, अक्षरं, आकडे शिकायची. दिवसभर मजुरीला जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग. आवणीच्या दिवसांत पोरं शेतात असणार, गवतकापणीला अख्खा पाडा बाहेर पडणार, हे पंचांग धरून शाळेने आपले दिवस लावून घ्यायचे. आज 'लवचिक वेळापत्रक' वगैरे शब्द परिपत्रकांतून येतात. कोसबादला ते शब्द नव्हते, वेळापत्रक होतं.

या सगळ्यात ताराबाईंचं किती आणि अनुताईंचं किती, असा वाद घालणारे अधूनमधून भेटतात. रचना, विचार, चौकट ताराबाईंची, याबद्दल शंका नसावी, अनुताईंनाही नव्हती. पण चौकट रोज सकाळी उघडून तिच्यात मुलं आणून बसवणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ते नसतं तर बोर्डीचा प्रयोग चार वर्षांत एका सुंदर अहवालात बंद झाला असता. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्या वेळी अनुताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्याकडे निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झालेल्या माणसाच्या वयाच्या.

त्यांचं म्हातारपण हाच त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कामाचा काळ ठरला, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. बालसेविकांचे प्रशिक्षणवर्ग, 'शिक्षणपत्रिके'चं संपादन, पुस्तकांमागून पुस्तकं. 'कोसबादच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र याच काळातलं. त्याच्या नावात 'मी' नाही, टेकडी आहे, आणि मजकुरातही बाईंपेक्षा मुलं, सेविका नि पाडे जास्त जागा घेतात. १९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था काढली आणि डहाणूच्याच जंगलपट्टीतल्या दाभोणला काम सुरू केलं. कोसबादचं बस्तान नीट बसलं होतं, रस्ता झाला होता, पाहुणे येत होते. म्हणून त्या जिथे अजून काही पोचलं नव्हतं तिकडे निघाल्या. पद्मश्री आली, १९८५ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कारही. त्यानंतरही सात वर्षं त्या कामात होत्या.

आता तक्रार.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातल्या ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. आज देशात अशा सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या एका वाड्यात सुरू झालेलं नाव काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेलं याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हरकत नाही. पण गेलं ते मुख्यतः नाव. लसीकरण, पूरक आहार, वजनकाटा, गरोदर बायकांची नोंद ही कामं मोलाची आहेत, त्यांनी लाखो मुलं जगली. मात्र बोर्डीची अंगणवाडी आधी शिक्षणाची जागा होती, आणि शिकता यावं म्हणून तिथे आंघोळ आणि खाऊ होता. योजनेत हा क्रम उलटला. खिचडी वाटून आणि नोंदी भरून वेळ उरलाच तर गाणी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाला 'पायाभूत स्तर' म्हटलं, मातृभाषा, खेळ, परिसरातली साधनं यांवर भर दिला, आणि वर्तमानपत्रांनी ते परदेशातून आलेल्या नव्या विचारासारखं छापलं. कोसबाद मुंबईपासून लोकलच्या अंतरावर आहे.

या क्रमातल्या उलटापालटीचा भार कुणावर पडतो तेही पाहायला हवं. अनुताईंच्या शिकवण्याचा कणा बालसेविका होती: त्याच मुलखातली, बेताची शिकलेली, मुलांची बोली येणारी बाई. तिला शिकवलं, तिच्यावर विश्वास टाकला, तर ती उत्तम बालशिक्षण करू शकते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिलं. तिची आजची बहीण म्हणजे अंगणवाडी सेविका. तिला मिळतं ते 'वेतन' नाही, 'मानधन'. केंद्राने ठरवलेलं मानधन २०१८ मध्ये वाढवून महिना ४,५०० रुपये झालं, वर राज्य आपली भर घालतं. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, कारण ते धड चालत नव्हते आणि नोंदी मात्र त्यांच्यावरच भरायच्या होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या. त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २५ एप्रिल २०२२ ची तारीख उजाडावी लागली.

अनुताईंबद्दल पुढे जे येईल ते वाचताना हा संदर्भ मनात असू द्यावा. त्यांच्या मायेच्या गोष्टी येतील, त्या येऊ द्याव्यात, त्यांत आनंद आहे. पण प्रत्येक गोष्टीत त्या नेमकं काय करत होत्या, हातात काय होतं, मुलाला काय विचारलं, कशाला नाही म्हटलं, हे हुडकत जावं. आणि वाचून झाल्यावर आपल्या गावातल्या, वॉर्डातल्या अंगणवाडीत एक सकाळ जाऊन बसावं. मुलांच्या हातात खेळायला काही आहे का, सेविका मुलांशी बोलतेय की मोबाइलवर नोंदी भरतेय, पाणी आणि पंखा आहे का, एवढं बघावं. जे कमी दिसेल त्याचा जाब सेविकेला किंवा तिच्या मुख्यसेविकेला विचारू नये. तो ग्रामपंचायतीला, नगरसेवकाला, आमदाराला विचारावा, आणि लेखी विचारावा.